पाठीवर दोन थापा

दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "आजी, तुमच्या कुस्तीच्या कामाबद्दल लिहून द्या." मी विचारलं, "जुन्या कामाबद्दल की आत्ताच्या?" ते म्हणाले, "आत्ता कुठं खेळता तुम्ही?"

आत्ता मी खेळत नाही, बघते. पूर्वी लोक मला बघायला यायचे, आता मी खुर्चीत बसून लोकांना नावं ठेवते. दोन्हींत हे काम बरं. ह्याला गुडघे लागत नाहीत.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तेव्हा मोठे शब्द येणार नाहीत. आले तर ते संपादकांनी घातलेत असं समजा.

काम असं आहे. निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिलीपचा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी तो लग्नाच्या कॅसेटी काढायचा. आता लग्नात प्रत्येकाच्या हातात फोन, त्याला कोण बोलावतं? म्हणून तो जत्रेतल्या कुस्त्यांचं शूटिंग करतो. चिकोडीपासून खानापूरपर्यंत जिथं हलगी वाजेल तिथं हा कॅमेरा घेऊन उभा. मग त्यातल्या बऱ्या कुस्त्या निवडून, कापून, जोडून फोनवर सोडतो. 'सोडतो' हा त्याचाच शब्द. देवाला वळू सोडल्यासारखा व्हिडिओ सोडतो आणि मग तो कुणाच्या शेतात शिरला ते बघत बसतो.

एकदा तो मला एक कुस्ती दाखवायला घरी आला. बघताना माझं तोंड चालूच होतं. ह्याचा डावा पाय कच्चा. हा दमला नाही, भ्यालाय. हा पंच जावई असणार कुणाचा तरी. दिलीपने ते सगळं गुपचूप टिपून घेतलं आणि कुस्तीच्या मागोमाग सोडून दिलं. लोकांना कुस्तीपेक्षा तेच आवडलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या व्हिडिओनंतर मी अंगणात खुर्ची टाकून बोलते. तो त्याला परीक्षण म्हणतो. माझी सून त्याला 'आत्याबाईंचं सुटलं' म्हणते.

दिलीपशी माझं पहिलं भांडण गाण्यावरून झालं. तो कुस्तीवर सिनेमाचं गाणं लावायचा. मी सांगितलं, "गाणं काढ. मला श्वास ऐकू येत न्हाय."

"मावशी, श्वास कशाला ऐकायचा?"

"कोण दमलंय ते डोळ्याला दिसत न्हाय, कानाला कळतं. आणि हलगी का झाकतोस? हलगीवाल्याला आपल्या आधी कळतं कुणाचं काय होणार हाय."

त्याने गाणं काढलं. दुसरं भांडण सावकाश दाखवण्यावरून. पडणारा माणूस कापसासारखा तरंगत येतो आणि मग पुन्हा एकदा येतो. मी म्हटलं, एकदाच पडलाय बिचारा, तू त्याला किती वेळा पाडणार?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. बेळगावच्या टिळकवाडीतले एक निवृत्त वकील नातवासाठी अमेरिकेतल्या कुस्तीचा व्हिडिओ पाठवून विचारते झाले, "ह्यात खुर्चीने मारतात, ते खरं का?" मी दोनदा बघितलं. सांगितलं, मारणारा चांगला आहे, खुर्ची त्याहून चांगली आहे. वकिलांना वाटलं मी थट्टा करते. थट्टा नव्हती. ठरवून केलेल्या कुस्तीत मारायचं दिसलं पाहिजे आणि लागता कामा नये. त्या माणसाला ते येत होतं.

चिकोडीकडच्या एका गृहस्थांनी एका पैलवानाचे तीन व्हिडिओ पाठवले. तिन्हींत तोच. मी विचारलं, एवढं काय आहे ह्याच्यात? तर म्हणाले, "मुलीला सांगून आलाय. तुम्ही बघून सांगा कसा आहे." आता ही काय परीक्षणाची रीत? पण बघितलं. जिंकलेल्या दोन कुस्त्यांत पोरगा सोन्यासारखा. हरलेल्या कुस्तीत पंचाच्या अंगावर धावून गेला आणि घरच्यांनी धरला तर आपल्या चुलत्यालाच ढकललं. मी कळवलं, जिंकत राहणार असेल तर द्या. दिली नाही.

लोक माझं ऐकतात त्याचं कारण सांगते. मी मोठी पैलवान होते म्हणून नाही. मी नुरा कुस्ती करणारी होते म्हणून. नुरा म्हणजे ठरवलेली कुस्ती. कोण पडणार आणि कधी पडणार, हे दोघांनाही मैदानात उतरण्याआधी माहीत असतं. जिथं खरोखर लढून एकाची पाठ टेकते ती निकाली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणून नुरा ओळखायची तर माझ्याकडे येतात. मला त्याची लाज नाही. गवंडी घर बांधतो, आचारी बुंदी पाडतो, आम्ही कुस्ती पाडायचो.

तरुणपणी मी तंबाखूच्या वखारीत पोती उचलायची. तिथं एका वस्तादांनी मला बघितलं. त्यांच्याकडे आधीच एक पोरगी होती, सदलग्याची पद्मव्वा. जैनांच्या घरातली, बुटकी, गोरी, बोलणं निम्मं कानडी. मी काळी, थोराड, आवाज फुटक्या घंटेसारखा. वस्ताद म्हणाले, जोड जमली. मग जत्रेमागून जत्रा आम्ही दोघींनी एकमेकींशीच कुस्ती केली. बायकांची कुस्ती म्हटलं की माणसं झाडावर चढून बसायची. दर कुस्तीत मी जिंकायची आणि पद्मव्वा पडायची. खरी लढत केली असती तर एक जण हातपाय मोडून घरी बसली असती आणि दुसरीला जोड मिळाली नसती. म्हणून नुरा.

पडायची वेळ झाली हे सांगायला आमची एक खूण होती. मी तिच्या पाठीच्या पात्यावर दोन हलक्या थापा मारायची. लेकराला ढेकर यावी म्हणून मारतात तशा. त्या मारल्या की मी ढाक टाकायची, म्हणजे तिचा हात बगलेत धरून तिला माझ्यावरून फिरवायची, आणि पद्मव्वा धपकन आभाळाकडे बघत पडायची. आणखी एक नियम होता. पद्मव्वा दिवस मावळल्यावर जेवत नसे. त्यामुळे कुस्ती कितीही रंगात आली तरी सूर्य बुडायच्या आत ती पडलेली असायची. गावोगावचे लोक मला बायाक्का म्हणायचे; सांगायचे, बायाक्काचा डाव सांज व्हायच्या आधी बसतोच. त्यांना काय ठाऊक, डाव बसत नव्हता, पद्मव्वाला भूक लागत होती.

खरी झाली असती तर कोण जिंकलं असतं, असं लोक विचारतात. मी सांगत आले, मीच. त्यात विचारायचं काय?

आता यंदाची गोष्ट. दिलीपने वेदगंगेकाठच्या एका जत्रेतली पोरींची कुस्ती सोडली. एक पोरगी नंदगडच्या बाजूच्या खेड्यातली, अश्विनी. दुसरी सांगलीकडची. छान चालली होती. हलगी रंगात, पोरींचा श्वास ऐकू येत होता, माणसं उभी राहिली होती. आणि अश्विनीने त्या सांगलीच्या पोरीच्या पाठीवर दोन हलक्या थापा मारल्या. लगेच ढाक. ती पोरगी चितपट.

मी खुर्चीत ताठ बसले. ही आमची खूण होती. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाकडे मी ती बघितली नव्हती. मी कॅमेऱ्याकडे बघून सांगून टाकलं, "ही नुरा हाय. पोरीनं थाप मारली, दुसरी पडली. आम्ही हेच करत होतो. फक्त आम्ही जरा झाकून करत होतो." दिलीपने ते सोडलं.

आठच दिवसांत अश्विनी तिच्या आईला घेऊन दारात आली. आई बेळगावात एका शाळेत शिपाई आहे. पोरगी दहावी झालेली, मान अशी की मला बघून बरं वाटलं. आई बसली नाही.

"आक्का, तुम्ही काय बोलून ठेवलासा? पुढच्या जत्रंत हिची मोठी कुस्ती नेमलीती. कमिटीनं काढली. म्हणत्यात नुरावाली पोरगी नको."

"मग नुरा कशाला केली?"

"केली न्हाई!" पोरगी म्हणाली. ओरडली नाही. मला ते आवडलं.

बाहेरच्यांना सांगते, ह्यात काय गेलं ते. कुस्तीला दुसरं माणूस लागतं. नुराचा शिक्का बसला की कुणी वस्ताद आपली पोरगी तुमच्या समोर उभी करत नाही. आधीच पोरी थोड्या. जोड लागत नाही म्हणजे तालमीत बसून मुगदल फिरवत म्हातारं व्हायचं. त्या पोरीची ही मोठी कुस्ती गेली असती, तर पुढची कुणी लावली नसती.

मी विचारलं, "पाठीवर दोन थापा का मारल्यास?"

ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलं."

"मी तुला आज बघते."

"दिलीपकाकांनी जुन्या कॅसेटमधली तुमची कुस्ती टाकली आहे ना? तुमची आणि पद्मव्वा आजींची. आमच्या गावात ढाक शिकवणारं कुणी नाही. मी ती बघून बघून शिकले. तुम्ही पाडायच्या आधी पाठीवर थोपटता."

"का थोपटते म्हणून वाटलं तुला?"

पोरगी जरा लाजली. "मला वाटलं, समोरचीला वाईट वाटू नये म्हणून. आता पाडते बाई तुला, राग धरू नकोस, असं."

मी इतकी हसले की सून आतून धावत आली. वखार, वस्ताद, जत्रा, फेटे, आणि एवढं सगळं होऊन माझ्या हातून जगाला गेलं काय, तर माया. पोरीच्या आईला मात्र हसू आलं नाही. "तुम्ही हसा," ती म्हणाली, "हिची कुस्ती गेली."

दिलीप म्हणाला, "मावशी, परीक्षण काढून टाकूया की. कुणी विचारलं तर फोन बिघडला म्हणून सांगूया."

"आणि लोकांच्या डोक्यातनं कसं काढणार? डोकं पण बिघडलं म्हणून सांगणार?"

मी कमिटीच्या आप्पांना फोन लावला. म्हटलं, माझी चूक झाली, पोरगी खरी आहे. आप्पा गालातल्या गालात हसत असावेत.

"आक्का, गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालासा नुरा. आता तुम्हीच म्हणता न्हाय. आम्ही कुठल्या आक्काचं ऐकायचं?"

"आत्ताच्या."

"मग दाखवा की. खूण तर दिसतीया. कशावरनं ती पोरगी ठरवून पडली न्हाय?"

बोलणं बरोबर होतं. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा लावला. अश्विनीचा पाय बघितला, कंबर बघितली, हात बघितला. सगळं चोख. पण नुरातही सगळं चोखच असतं, माझंही असायचं. मला काही सापडेना. डोळे दुखले तेव्हा लक्षात आलं की ह्यातली निम्मी गोष्ट मला येतच नाही. मी आयुष्यात एकदाही पडलेली नव्हते.

पडणारी सदलग्यात होती. तिच्याशी माझं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय विचाराल तर टॉवेल. आमच्या शेवटच्या कुस्तीनंतर गावाने सत्कार केला. मला फेटा बांधला आणि पद्मव्वाच्या खांद्यावर टॉवेल टाकला. ती मला म्हणाली, "तू निदान फेटा सोडून माझ्या डोक्यावर ठेवायचा." मी म्हणाले, "जिंकलेय मी." बस्स, एवढंच. त्यानंतर ती तिच्या वाटेला आणि मी माझ्या.

दिलीपच्या गाडीतून अश्विनीला घेऊन सदलग्याला गेलो. पद्मव्वा सोप्यात शेंगा फोडत बसली होती. अंगाने आणखी बुटकी झालेली. वर न बघता म्हणाली, "बा, ये बायाक्का. फेटा कुठं ठेवलास?"

"उंदरानं खाल्ला."

"टॉवेल अजून हाय माझा. भांडी पुसतो त्यानं."

तिकडे बायकाही 'मी पुसतो, मी जातो' असंच बोलतात. शेंगा फोडता फोडता तिने सगळं ऐकून घेतलं. अश्विनीला जवळ घेऊन दंड चाचपला, म्हशीचा बघतात तसा. मग फोन हातात घेतला. मी म्हटलं, "पोरीचा पाय बघ, किती—"

"सुम्म बस. तू वरचीकडं बघतीस. मी खालचीकडं बघतो."

तिने एकदाच बघितलं. फोन मला परत दिला.

"ही पडली न्हाय, हिला पाडलीया."

"कशावरनं?"

"हात बघ हिचा. पडताना हात पुढं टाकलाय भुईवर. ठरवून पडणारी कधी हात टाकत न्हाय. ठरवून पडणारीला भुई कुठं हाय ते आधी ठाऊक असतंय. ती हनवटी छातीला लावती, हात अंगाशी धरती, श्वास सोडती आणि मग पडती. हात कोण टाकतंय? जिला पडायचं नसतंय ती."

मी बघितलं. सांगलीच्या पोरीचा हात ढाक बसल्याबरोबर भुईकडे सरळ गेलेला. मनगट दुमडलेलं. कुस्ती संपल्यावर मागे कोपऱ्यात ती मनगट धरून उभी. सगळं व्हिडिओत होतं. मी बघितलंच नव्हतं, कारण त्या वेळी अश्विनीला फेटा बांधत होते आणि मी तिकडे बघत होते.

"पद्मे," मी म्हटलं, "हे कॅमेऱ्यासमोर सांग."

"सांगतो की. पण नुसतं सांगून कोण ऐकतंय? करून दाखवायला पाहिजे." तिने टरफलं झटकली. "तुझ्या अंगणात येतो. ह्या खेपेला मी वर. तू पडायचं."

"माझे गुडघे—"

"माझे काय दगडाचे हायत? इतकी वर्षं मीच पडलो. एकदा तू पड."

अश्विनी तोंड दाबून हसत होती. तिच्यासाठी म्हणून मी हो म्हटलं.

ठरलं असं. अंगणात कापसाच्या गाद्या टाकायच्या. आधी पद्मव्वा बोलून सांगणार, मग माझ्या पाठीवर दोन थापा मारणार, मग मी ठरवून पडणार, म्हणजे ठरवून पडणारी कशी दिसते ते लोकांना कळेल. हनुवटी छातीला, हात अंगाशी, श्वास सोडायचा. तिने मला दुपारभर शिकवलं. मला येईना. "लाकूड हायस तू," ती म्हणाली. "चाळीस गावात तुला कशी जिंकवली, माझं मला ठाऊक."

शूटिंगला वेळ लागला. आधी ऊन डोळ्यावर येत होतं. मग शेजारचं कुत्रं गादीवर येऊन बसलं. मग पद्मव्वा बोलायला लागली ती थांबेना, कानडीत सांगितलं, मराठीत सांगितलं, मध्येच टॉवेलची गोष्ट सांगितली. दिलीप म्हणाला, छान चाललंय, बोला. मी गादीवर उभी. ती मधूनमधून पश्चिमेकडे बघत होती. मग एकदाची तिने माझी मान धरली, हात बगलेत घेतला, आणि मी पडले.

दिलीपने ते तसंच्या तसं सोडलं. गाणं नाही, सावकाश दाखवणं नाही. सुरुवातीला मी स्वतः सांगितलं की अश्विनीच्या कुस्तीला मी नुरा म्हणाले ते चूक होतं, आणि खूण तिने माझ्याच जुन्या कुस्तीतून उचलली. कमिटीच्या आप्पांचा फोन आला. ते हसून हसून खोकत होते. "आक्का, पटलं," म्हणाले. "पोरीला पाठवून द्या. तेवढं थोपटणं बंद करायला सांगा."

अश्विनीची कुस्ती झाली. हरली. समोरची कोल्हापूरची, हिच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली, तिने पट काढून, म्हणजे पाय ओढून, सरळ पाठ टेकवली. मी परीक्षणात सांगितलं, ढाकेच्या नादात पोरगी पाय उघडे टाकते, आधी पाय शिक. आणि सांगितलं, निकाली आहे, हात बघा. तिच्या आईचा फोन आला. मला वाटलं पुन्हा भांडणार. म्हणाली, "दोन गावांनी जोड विचारलीया."

आमच्या दोघींच्या व्हिडिओखाली मात्र लोक अजून लिहितात. म्हाताऱ्यांनी नुरा केली. आजी ठरवून पडली. चेष्टा आहे सगळी. त्यांच्यासाठी म्हणून हे लिहिते.

तो व्हिडिओ पुन्हा लावा. वरचीकडे बघू नका, मी केलेली चूक तुम्ही करू नका. ठरलेल्या दोन थापांची वाट बघा. त्या नाहीत. पद्मव्वाचा हात माझ्या पाठीवर आलाच नाही. मग माझा उजवा हात बघा. हनुवटी छातीला नाही, श्वास सोडलेला नाही, आणि हात सरळ भुईवर टाकलेला.

कॅमेरा बंद झाल्यावर मी गादीवर पडल्या पडल्याच विचारलं होतं, "पद्मे, थापा का मारल्या न्हाईस?"

ती पदर झटकत होती. म्हणाली, "दिवस मावळाय आलाय. साकु, पुरे आता. वाढ मला."

मनगट सुजलं होतं. डाव्या हाताने वाढू नये म्हणतात. मी डाव्याने वाढलं. लसूण न घातलेली चटणी, मुगाची आमटी आणि भाकरी. सूर्य बुडायच्या आत तिचं जेवून झालं. एक भाकरी तिने जास्तीची मागून घेतली.